पंचाक्षरीनं दारातून परत पाठवलेलं पत्र

आमच्या गल्लीत कुणाकडंही पाहुणा आला, तरी तो आधी पंचाक्षरीच्या ओट्यावरून पास होतो आणि मगच मुक्कामी पोचतो. तसा काही लेखी कायदा नाही. पण पाहुणा दिसला की पंचाक्षरी विचारणारच, "गाव कोणतं म्हणायचं?" पाहुणा म्हणाला औसा, की "औशात कुणाकडचे?" नाव सांगितलं, की "त्यांचा थोरला काय करून राहिलाय सध्या?" इतकी सगळी तहकीकात नीट पार पडली, तर माणसाला चहा मिळतो. माझ्या सख्ख्या नणंदेच्या नवऱ्याला त्यानं एकदा दहा मिनिटं उन्हात उभं केलं होतं, कारण आमचं आडनाव सांगताना त्यांना ठसका लागला. ते अजून आमच्याकडं यायचं म्हटलं की मागच्या बोळातून येतात.

पंचाक्षरी आणि त्याची आई साखराबाई आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहतात. मी शिकवणीच्या पोरांसाठी मेस चालवते, त्यामुळं लातुरातल्या निम्म्या बातम्या माझ्याकडं वरणाआधी येतात, आणि उरलेल्या निम्म्या ताकासोबत. पण पंचाक्षरीची बातमी मला कुणी आणून द्यावी लागत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा ओटा दिसतो. खिडकी मी पाडली नाही, घर बांधणाऱ्यानं तिथं ठेवली, एवढं आधीच सांगून ठेवते.

त्याची ही खोड कुठून आली, ते साखराबाईनं मला एकदा ज्वारी निवडता निवडता सांगितलं. भूकंप झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वडील त्या पहाटे गेले. गावाबाहेर पत्र्याचे शेड पडले, मदतीच्या गाड्या यायला लागल्या, आणि गाड्यांमागून माणसं. कुठून कुठून यायची आणि म्हणायची, आम्ही इथलेच. साहेब परमुलखातले, त्यांना कोण कुणाचं काय कळणार. मग तहसीलदारानं ह्या पोराला टेबलाशेजारी उभं केलं. पोरगं फार बोलायचं नाही. रांगेतल्या माणसाला एकच विचारायचं, तुमचं पाणी कुठल्या आडाचं? जो गावचा होता तो उत्तर देता देता रडायचा. जो नव्हता तो म्हणायचा, नळाचं. गावात नळ नव्हताच. एक बहाद्दर तर म्हणाला, मी साखराबाईचा भाचा. साखराबाई मागंच चूल पेटवत बसलेली. तिनं फुंकणी उचलली आणि तो भाचा शेतातनं जो पळाला तो दिसेनासा झाला. हे सांगताना साखराबाई इतकी हसली की सुपातली निम्मी ज्वारी फरशीवर.

पुढं तो लातूरला आला, कॉम्प्युटर शिकला, आणि रेणुकादास सरांच्या क्लासमध्ये लागला. सर म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. भौतिकशास्त्र शिकवतात आणि पाढे म्हटल्यासारखे पोरांचे मार्क म्हणतात. त्या दिवसांत चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लागलेले, नांदेड-परभणीपासून पोरं येत होती, आणि प्रत्येक क्लासवाल्याला दुसऱ्यापेक्षा एक पाऊल पुढं असायचं होतं. सरांनी टाकलेलं पाऊल म्हणजे क्लासचा स्वतःचा मेल सर्व्हर. दर आठवड्याला पोराचे मार्क पालकाला मेलनं जाणार, पालकाची शंका मेलनं येणार. हिमायतनगरचा बाप तिथल्या सायबर कॅफेत बसून लातुरातल्या पोराची खबर घेणार. त्या सर्व्हरचा कारभारी आपला पंचाक्षरी.

पालकांच्या आधी कचरा आला. परदेशात लॉटरी लागली, घड्याळ स्वस्तात घ्या, आणि काही औषधं अशी की ती कशासाठी असतात हे मी इथं लिहिणार नाही. दिवसाला तीन-चार हजार. पंचाक्षरी सकाळी बसून ते हातानं निवडायचा, जशी मी तूर निवडते. मग एका रविवारी पालकसभेत सरांना हौस आली, की आपली ही नवी व्यवस्था पडद्यावर दाखवावी. दोनशे पालक, त्यात बायका, समोर दोन नगरसेवक. सरांनी मेलपेटी उघडली. पहिल्या अकरा ओळी औषधांच्या होत्या. सर इंग्रजीचे पक्के, त्यामुळं त्यांना वाचता आलं. दुर्दैवानं नगरसेवकांनाही आलं.

सोमवारी सरांनी पंचाक्षरीला बोलावून सांगितलं, की पंधरा दिवसांत हे थांबलं नाही तर पुण्याचा माणूस आणतो. पंचाक्षरी घरी आला आणि ओट्यावर गुडघे जवळ घेऊन बसला. मी ताक घेऊन गेले, म्हटलं बघावं काय झालंय. तो आपणहून सांगायला लागला, ह्यावरून समजा किती बेजार झाला होता.

त्यानं सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. एक सर्व्हर दुसऱ्याकडं पत्र घेऊन येतो ना, तेव्हा एकदम पत्र हातात देत नाही. आधी दारात उभा राहून राम राम घालतो आणि स्वतःचं नाव सांगतो, मी अमुक ठिकाणचा. आपण म्हणायचं, बरं, मग तो पत्र काढणार. दस्तूरच आहे तसा. आजवर आपला सर्व्हर नुसता बरं बरं म्हणत होता. पण येणारा कुठल्या नंबरावरून आलाय हे आपल्याला दिसतं, तो नंबर लपवता येत नाही. आणि कुठल्या नावाचा नंबर कोणता, हे जगात कुणालाही विचारता येतं, त्याची मोठी वही असते. कचरा आणणारे निम्मेअधिक ह्या राम रामातच खोटं बोलतात. कुणी अर्धंच नाव सांगतो. कुणी म्हणतो मी अमेरिकेच्या बँकेचा, आणि नंबर निघतो कुठल्या भलत्याच मुलखातला. आणि काही इतके निर्लज्ज, की आपल्याच दारात येऊन म्हणतात, मी रेणुकादास सरांचा सर्व्हर.

"म्हणजे साखराबाईचा भाचा," मी म्हटलं.

पंचाक्षरीनं माझ्याकडं पाहिलं, ताक तसंच ठेवलं आणि चप्पल घालून क्लासवर गेला. दोन दिवस घरी जेवायला आला नाही. डबा माझ्याकडूनच जात होता, म्हणून मला माहीत.

त्यानं नियम घातला. जो येईल त्याचं नाव आणि नंबर जुळवून बघायचं. जुळलं तर आत. नाही जुळलं तर पत्र हातात घ्यायचंच नाही, दारातनंच परत. सवलत कुणाला नाही, ओळखपाळख नाही. आणि परत पाठवताना सर्व्हर इंग्रजीत जे दोन शब्द बोलतो, त्याच्यापुढं ह्यानं स्वतःच्या पदरची एक ओळ जोडली, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: तुम्ही सांगता ते तुम्ही नाही. खरी ओळख घेऊन या.

मी विचारलं, अरे परदेशातल्या चोराला मराठी कुठून कळणार. तो म्हणाला, कळू दे न कळू दे, मला बरं वाटतं.

पंधरा दिवसांत चार हजारांचे चाळीस झाले. सरांनी पुढच्या पालकसभेत पंचाक्षरीला शाल आणि नारळ दिला, आणि पडदा मात्र लावला नाही. साखराबाईनं त्या नारळाच्या वड्या गल्लीभर वाटल्या. पंचाक्षरीची मान त्या दिवसापासून जी वर झाली ती झालीच. परत पाठवलेल्यांची यादी तरी बघत जा, असं सर एकदा म्हणाले, तर हा म्हणतो, हाकललेल्याची चौकशी करत बसलो तर हाकललं कशाला?

आता लग्नाचं. वय तीस, एकुलता एक, निर्व्यसनी, हातात नोकरी. अशा मुलाला मुली मिळत नाहीत असं नाही, पण त्याला मिळत नव्हत्या. कारण मुलीचा बाप चहा घ्यायला टेकायचा आणि हा सुरू व्हायचा, गाव कोणतं, कुणाकडचे, थोरला काय करून राहिलाय. सात स्थळं चहा अर्धा टाकून उठली. साखराबाई मला म्हणाली, "आक्का, ह्याला बायको न्हाई, जामीनदार पायजे."

शेवटी मी मनावर घेतलं. माझं माहेर नांदेडचं. आमच्या गल्लीतले शिवमूर्तीअप्पा, शाळेतून रिटायर झालेले, त्यांची विशाखा एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात कामाला. वय सत्तावीस, चष्मा, आणि बोलणं असं की पुस्तक उशिरा आणणारा प्राध्यापकसुद्धा मान खाली घालून उभा राहतो. मी मनात म्हटलं, हीच. पंचाक्षरीला बजावून नेलं, की तिथं गाव विचारायचं नाही, गाव मी सांगते. आणि गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं, की हे स्थळ जमलं नाही तर मी मेस बंद करून काशीला जाईन. तेवढं बोलायला नको होतं.

कार्यक्रम छान झाला. पोहे झाले, पंचाक्षरीनं कुणाला काही विचारलं नाही, घाम मात्र शर्टाबाहेर आला. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. जिन्यात मी चप्पल शोधत होते, त्यामुळं शेवटचं थोडं कानावर पडलं. विशाखा म्हणाली, "माझं उत्तर मी स्वतः लिहून कळवीन. मोठ्यांच्या तोंडून निरोप नको. आठ दिवस द्या."

तिनं पत्ता मागितला. आता जगातली माणसं फुकटचा मेलपत्ता वापरतात, पण ह्या शहाण्याचं म्हणणं, आपलं पत्र परक्याच्या घरात कशाला. त्यानं क्लासचाच दिला. स्वतःच्या सर्व्हरचा.

आठ दिवस झाले. दहा झाले. बारा झाले. पंचाक्षरी सकाळी सातला क्लासवर जायचा तो सहालाच जायला लागला. संध्याकाळी ओट्यावरून पाहुणे जात होते, कुणी काही विचारत नव्हतं. माझ्या नणंदेचा नवरा पुढल्या दारानं सरळ आत आला, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. साखराबाईनं मला काही म्हटलं नाही, पण वाटीभर साखर मागायला यायची ती यायची बंद झाली. गल्लीतल्या बायका मात्र विचारू लागल्या, काशीची गाडी कधीची.

तेराव्या दिवशी मी नांदेडला फोन लावला. शिवमूर्तीअप्पा एरवी माझ्याशी अर्धा तास बोलतात, त्या दिवशी नुसतं हं-हं. मी म्हटलं, अप्पा, नाही तर नाही म्हणा, पण पोरीला शब्द दिल्याप्रमाणं लिहू तरी द्या. तर अप्पा उसळले. लिहिलं तिनं, म्हणाले. एकदा नाही, तीनदा. आणि तीनदा तुमच्या मुलाचं एकच उत्तर. काय, ते सांगायला ते तयार नव्हते. मी सोडणाऱ्यातली नाही. शेवटी त्यांनी ते मला वाचून दाखवलं.

मी फोन ठेवला, पदर खोचला आणि समोर गेले. पंचाक्षरी भाकरी चुरून बसला होता, खात नव्हता. मी विचारलं, विशाखाला काय लिहिलंस?

"मी? एक अक्षर न्हाई काकू. तिचंच आलं न्हाई, तर मी काय लिहू?"

"मग तिला हे कोणी लिहिलं? तुम्ही सांगता ते तुम्ही नाही. खरी ओळख घेऊन या."

त्याचा हात ताटातच राहिला. साखराबाई चुलीपुढून वळली. मग तो म्हणाला, "हे माझंच हाय. पण तिला न्हाई लिहिलं. चोरांना लिहिलं."

दुपारी मी त्याच्यासोबत क्लासवर गेले. जायची गरज होती असं नाही, पण घरी बसून मला भात गोड लागला नसता. त्यानं ती कधीच न उघडलेली यादी उघडली, जिच्यात कोण आलं आणि का परत गेलं त्याच्या ओळी असतात. नांदेडच्या तीन ओळी सापडल्या. पाचव्या दिवशी एक, सहाव्या दिवशी एक, आठव्या दिवशी एक. भानगड अशी झाली होती, की विशाखाची संस्था जूनमध्ये जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत गेली. सामान हललं, सर्व्हर हलला, फोनची लाइन बदलली, त्याबरोबर नंबर बदलला. नाव मात्र तो जुनंच सांगत होता, आणि जगाच्या वहीत त्या नावापुढं जुनाच नंबर होता. वही बदलून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बिचारा खरं बोलत होता आणि खोट्यांच्या रांगेत सापडला.

मी म्हटलं, झालं ते झालं, आता पत्र उघड, बघू काय लिहिलंय.

"पत्र न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"आत आलंच न्हाई काकू. दारातनंच परत. हो लिहिलं का न्हाई लिहिलं, हे तिला ठाऊक आन् देवाला."

म्हणजे बघा, आपल्या लग्नाचं उत्तर तीनदा आपल्या दारात येऊन उभं राहिलं आणि आपणच घातलेल्या पहारेकऱ्यानं त्याला तीनदा हाकललं, वर मराठीत सुनावून. मला हसू यायला लागलं. मी तोंडावर पदर धरला, पण पोट हलतं त्याचं काय करणार. पंचाक्षरी बघत राहिला आणि मग तोही हसायला लागला, पण ते हसणं खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखं होतं. कारण तिसरं पत्र काय असेल? दोनदा अपमान झाल्यावर मुलगी तिसऱ्यांदा होकार लिहील, का चार शब्द सुनावील?

मी तिथूनच नांदेडला फोन केला, अप्पांना सगळं समजावलं, सर्व्हर, राम राम, वही, साखराबाईचा भाचा, जे जमेल ते. म्हटलं, पोरीला सांगा पुन्हा एकदा पाठव. अप्पांनी फोन बाजूला ठेवून विचारलं. परत आले ते घसा खाकरत. विशाखा म्हणत होती, तिनं तीनदा दार वाजवलं. चौथ्यांदा आता त्यांनी यावं.

शनिवारी आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं निघालो. मेस माझ्या नवऱ्यावर सोपवली. त्या दिवशीच्या आमटीविषयी पोरं अजून बोलतात. गाडी अहमदपूरला थांबली तेव्हा साखराबाई स्टँडवर उतरून पेढे घेऊन आली. मी विचारलं, आधीच? तर म्हणते, "हाव म्हणली तर वाटू, न्हाई म्हणली तर मीच खाईन. दु:खात तोंड कडू लई होतं." पंचाक्षरी खिडकीला डोकं टेकवून ओठ हलवत होता. काय बोलायचं ते पाठ करत होता. लोह्यापर्यंत त्यानं तीनदा बदललं.

ग्रंथालय नव्या इमारतीत, अजून रंगाचा वास. दारातच काउंटर, काउंटरमागं विशाखा. तिनं मान वर केली नाही. आमच्या पुढ्यात एक रजिस्टर सरकवलं, बाहेरून येणाऱ्यांनी लिहायचं. नाव, गाव, कुणाला भेटायचं. पंचाक्षरीनं लिहिलं. पंचाक्षरी, जांभळगा, ग्रंथपाल. तिनं हात पुढं केला आणि ओळखपत्र मागितलं. त्यानं निवडणुकीचं कार्ड काढून दिलं.

तिनं कार्ड बघितलं, रजिस्टर बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं.

"इथं लिहिलंत जांभळगा. कार्डावर आहे नवीन जांभळगा, घर नंबर दोनशे चौदा. कोणतं खरं?"

पंचाक्षरी म्हणाला, दोन्ही. भूकंपानंतर गाव उठवून दोन कोसांवर वसवलं. तिथं रस्ते सरळ, घरांना नंबर. पण विचारलं की आम्ही सगळे जुनंच सांगतो.

"म्हणजे कार्डावर एक आणि सांगता दुसरं."

"हाव."

"मग तुम्ही सांगता ते तुम्ही नाही," विशाखा म्हणाली. चष्म्यामागं डोळे हसत होते, पण पंचाक्षरी खाली बघत होता, त्याला दिसले नाहीत. मला दिसले. नंतर कळलं, की संस्थेच्या कॉम्प्युटरवाल्यानं तिला सगळा घोळ दोन दिवस आधीच सांगितला होता. तरी तिनं आम्हाला साडेतीन तास एसटीत बसवून आणलं. म्हटलं ना, हीच.

पाठ केलेलं सगळं पंचाक्षरी विसरला. म्हणाला, "वडील जुन्या गावातच हायेत. म्हणून तेच नाव तोंडात येतं."

विशाखानं कार्ड खाली ठेवलं. साखराबाईनं पदरानं नाक पुसलं. मग पंचाक्षरीच पुढं बोलला, एकदम कामाचं बोलावं तसा. म्हणाला, सोमवारपासून नियम बदलतो. नाव-नंबर जुळला नाही तर परत न्हाई पाठवायचं. ओट्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मी स्वतः येऊन विचारपूस करायची. ती मराठी ओळ तर आजच काढतो.

"ओळ राहू द्या," विशाखा म्हणाली. "खऱ्या चोरांना लागेल ती. फक्त मला लावू नका."

तिनं समोरचा कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला. तिनं पाठवलेली तिन्ही पत्रं तिच्या पेटीत जशीच्या तशी होती. म्हणाली, बसा आणि वाचा, क्रमानं वाचा. आणि आम्हा दोघींना बोटानं वाचनकक्ष दाखवला, जिथं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शांतता राखा. माझ्या आयुष्यात मला इतकी मोठी शिक्षा कुणी दिलेली नाही. काचेपलीकडं पंचाक्षरी वाचतोय, कपाळाला आठ्या पडतायत, मग जातायत, मग कान लाल होतायत. मी मासिक उलटं धरून बसले होते, ते एका विद्यार्थिनीनं येऊन सुलट केलं. साखराबाई पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून कुजबुजली, "आक्का, त्वांड बघ की त्याचं, काय म्हणतंय?" मी म्हटलं, अजून वाचतंय. "एवढं काय लिहिलंय बया, पोथी?"

शेवटी तो आला. आमच्यापुढं उभा राहिला आणि शांततेच्या पाटीकडं बघून हळूच म्हणाला, पहिल्या पत्रात होकार आहे, चार अटींवर. दुसऱ्यातही होकार, अटी त्याच. तिसऱ्यात फक्त एक प्रश्न आहे, की तुम्ही जिवंत आहात का.

"आन् अटी?" साखराबाई.

"चारी मान्य."

साखराबाईनं पेढ्यांचा पुडा तिथंच सोडला. ग्रंथालयात खायला बंदी, पण त्या दिवशी अभ्यासाला बसलेल्या पंधरा-सोळा जणांनी पुस्तकाआड पेढा खाल्ला, आणि ग्रंथपालबाई त्या वेळी कपाटाकडं तोंड करून काहीतरी शोधत होत्या. अप्पांच्या घरी जेवण झालं. अप्पांनी मला दोनदा विचारलं, की तो भाचा शेवटी कोण निघाला, म्हणजे फोनवर मी नक्की काय समजावलं होतं देव जाणे.

दिवाळीनंतर लग्न झालं. रेणुकादास सरांनी आहेरात भौतिकशास्त्राचा स्वतः लिहिलेला गाईड दिला. विशाखाच्या चार अटींपैकी तीन मी आजवर काढल्या आहेत. एक, लातुरात काम मिळेपर्यंत ती नांदेडची नोकरी सोडणार नाही, आणि तोवर शनिवारची एसटी त्यानं धरायची, तिनं नाही. दोन, साखराबाई कायम त्यांच्यासोबत राहणार. ही अट साखराबाई दर आठवड्याला गल्लीत कुणाला ना कुणाला ऐकवते. तीन, विशाखाचा मेलपत्ता वेगळा असेल आणि त्याच्या दारात पंचाक्षरीचा पहारा नसेल.

चौथी मात्र हाती लागत नाही. पंचाक्षरीला विचारलं तर तो चप्पल घालतो. विशाखाला विचारलं तर ती म्हणते, काकू, तुमची आमटी फार छान होते. साखराबाईला ठाऊकच नाही, तिला मी गुळाच्या पोळीवर पारखून घेतलंय. दर शनिवारी पहाटे पंचाक्षरी स्टँडकडं निघतो तेव्हा हातात कापडात बांधलेलं काहीतरी चौकोनी असतं, आणि रविवारी परत येतो तेव्हा ते नसतं. मला वाटतं त्याचा आणि चौथ्या अटीचा संबंध आहे. येत्या शनिवारी मलाही नांदेडला माहेरी काम काढावं लागणार, त्याच गाडीनं.